आईचा सातवीचा तास

शाळेतून आलेला कागद बारकीने जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवून दिला, म्हणजे तो कुणाच्या नजरेतून सुटायला नको. वर मथळा होता, ‘सातवीच्या विज्ञानाच्या तासाकडून काय अपेक्षा ठेवाल?’ खाली विज्ञानाच्या बाईंनी मोजक्या ओळी लिहिल्या होत्या. हात मळतील, कपड्यांना डाग पडतील. वहीत खाडाखोड असेल, ती पुसायला लावू नका. मुलं घरी येऊन नाही नाही ते विचारतील, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. आणि शेवटी, ‘येत्या शनिवारी पालकांनी स्वतः एक तास बसून बघावं. वही-पेन्सिल आणावी.’

आईने कागद दोनदा वाचला. “बाबांना ने.”

“बाबांची शनिवारी दवाखान्यात ड्यूटी आहे.”

“मग ताईला ने.”

“ताई पालक कुठे आहे?” बारकी म्हणाली. “तूच चल. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी आई येणार म्हणून.”

आई बंदरावर क्रेन चालवायची, गेली चौदा वर्षं. जमिनीपासून दहा मजले वर, काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजातले कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या ट्रकवर अलगद टेकवायचे, हे तिचं काम. नवा माणूस रुजू झाला की मुकादम त्याला तिच्याकडे बोट करून सांगायचा, “काम शिकायचं तर तिथे बघ.” पण शाळेचं नाव काढलं की हीच बाई चुळबुळायला लागायची. तिची शाळा सातवीतच सुटली होती. विज्ञान म्हणजे फळ्यावरचं फूल वहीत उतरवायचं, एवढंच तिला आठवत होतं. तिच्या फुलाचा देठ वाकडा आला होता आणि त्यावर लाल शाईत शेरा पडला होता.

तरी शनिवारी ती गेली. नवी वही घेतली, पेन्सिलीला टोक काढलं.

विज्ञानाच्या खोलीत लांबलचक बाकं होती. एका कोपऱ्यात बेसिन, कपाटात ओळीने लावलेल्या काचेच्या बरण्या. वीसेक पालक गुडघे आवळून मुलांच्या बाकांवर कसेबसे मावले होते. मुलं भिंतीला टेकून उभी होती. आज ती मदतनीस. बारकीच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ होतं, आणि ते आपल्याकडे आहे हे सगळ्यांना दिसेल अशा बेताने तिने ते धरलं होतं.

बाई ठेंगण्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. छताच्या दोन हुकांना त्यांनी मीटरभर लांबीच्या दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एकीला लाकडी गोळा, दुसरीला तेवढाच लोखंडी.

“हे लंबक,” त्या म्हणाल्या. “दोन्ही सारखेच मागे ओढून सोडले, तर कोणता लवकर परत येईल?”

“जड तो,” औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले. “यात विचारायचं काय?”

बहुतेकांचे हात लोखंडासाठी वर गेले. दोघा-चौघांनी लाकडासाठी केले. आईचा हात कुठेच वर गेला नाही, आणि नेमकं तेच बाईंनी हेरलं.

“तुम्ही?”

आई उठून उभी राहिली.

“बसूनच सांगा.”

“दोन्ही सारखेच येतील,” आई म्हणाली. “दोरी सारखी आहे ना.”

“कशावरून म्हणता?”

“मी क्रेनवर असते. कंटेनर रिकामा असो की गच्च भरलेला, झुलतो एकाच चालीने. दोर लांब सोडला की सावकाश झुलतो, वर ओढून घेतला की भराभर. वजनाला त्यात कुणी विचारत नाही.”

भिंतीजवळ बारकीने शेजारणीला कोपर मारलं. शेजारणीला माहीत होतंच, तरी तिने पुन्हा सांगितलं, “माझी आई.”

बरोबर की चूक, बाई काहीच बोलल्या नाहीत. “मग मोजून बघू,” एवढंच म्हणाल्या. लाकडाचे दहा झोके दुकानदारांनी मोजायचे, लोखंडाचे आईने, वेळ बारकीने बघायची.

लाकडाला वीस सेकंद लागले. मग आईने लोखंडी गोळा धरला, सोडला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहा म्हणताच बारकीने घड्याळ दाबलं.

“अठरा,” ती हळू आवाजात म्हणाली.

बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले. वीस आणि अठरा. बाकांवर कुजबुज झाली.

“जड ते लवकर,” दुकानदार म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, पण आईचे कान तापले.

“माझंच काहीतरी चुकत असेल,” ती म्हणाली. “तिथे वर आम्ही कुठे घड्याळ लावून बघतो.” आणि ती बाकाकडे वळली.

बाई हातात खडू घेऊन नुसत्या उभ्या होत्या. आईकडे नाही, मुलांकडे बघत होत्या. बारकी घड्याळाकडे बघत होती. मग तिने मान वर केली.

“आई, तू ‘एक’ कधी म्हणालीस?”

“कधी म्हणजे? गोळा सोडला तेव्हा.”

“पण तेव्हा एकही झोका झाला नव्हता. काका गोळा परत आल्यावर ‘एक’ म्हणाले.”

आई जागीच थांबली. तिने बोटांवर पुन्हा मोजलं, ओठ हलवत. “म्हणजे माझे नऊच झाले.”

“नऊच झाले.”

या खेपेला आईने सोडताना शून्य म्हटलं. वीस सेकंद. मग बाईंनी लोखंडी गोळा दुकानदारांच्या हाती दिला. त्यांनी अगदी जपून मोजलं. पुन्हा वीस.

“गोळ्या मोजण्यात हयात गेली माझी,” ते म्हणाले, “पण या गोळ्याने टोपी घातली.” सगळे हसले, आईही हसली.

मग बाईंनी दोरी पावपट केली. आता काय होईल, हे त्यांनी आईलाच विचारलं.

“भराभर झुलेल. पण किती भराभर, ते मोजल्याशिवाय नाही सांगणार.”

दहा झोक्यांना दहा सेकंद लागले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, दोरी पाव झाली तर वेळ निम्माच कसा झाला. बाईंचा चेहरा खुलला. “हा प्रश्न मी तुमच्या मुलांसाठी राखून ठेवलाय,” त्या म्हणाल्या.

शेवटी त्या बाकांमधून वह्या बघत फिरल्या. आईच्या वहीत अठरावर एक आडवी रेघ होती, शेजारी वीस लिहिलेलं, आणि खाली तिच्या ठसठशीत अक्षरात, ‘मोजणी सोडतानाच एकपासून सुरू केली. चूक मुलीने काढली.’

“हे वाचून दाखवू का सगळ्यांना?”

आईने क्षणभर विचार केला. “दाखवा.”

बाईंनी ते वाक्य सावकाश वाचलं. वीस माणसांनी माना वळवून भिंतीजवळच्या, घड्याळ धरलेल्या मुलीकडे बघितलं. आईनेही बघितलं. बंदरावर तिच्या हाताचं कौतुक खूप झालं होतं, पण हे काही वेगळंच होतं.

बाहेर पडताना दुकानदारांनी बारकीला चिडवलं. “चारचौघांत आईची चूक काढलीस. आता घरी बोलणी खाशील.”

“ती गप्प बसली असती, तर आपण सगळे चुकीचं उत्तर घेऊन घरी गेलो असतो,” आई म्हणाली. “बोलणी कसली खाते? आज ती म्हणेल ते जेवायला.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी जहाजावरचं काम थोडा वेळ थांबलं. आईने मोकळा दोर तीस मीटर खाली सोडला, एक हलका हिसका दिला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. वॉकीटॉकीवर मुकादमाचा आवाज आला.

“अहो, वर काय चाललंय? मोकळा दोर का झुलवताय?”

“विज्ञानाचा तास आहे. गप्प बसा, मोजतेय.”

मुकादम खरंच गप्प बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “मग, काय निघालं?”

“पाच झोक्यांना पंचावन्न सेकंद,” आई म्हणाली. “पण थांबा, लगेच कुणाला सांगू नका. संध्याकाळी आमच्या बारकीला दाखवते. ती बरोबर म्हणाली, तर बरोबर.”