खिडकीकडचा पलंग

"मम, खरं सांग, तुझी लाडकी कोण? मी की टिआना?"

हे विचारायची पैज ब्रूक आणि केली-ॲननं शाळेच्या बसमध्ये लावली होती. "वक्तृत्वात पहिली आलीस ना? हॉलभर लोकांसमोर बोललीस ना? मग घरी कशी दातखीळ बसते गं, डेनिका?" असं ब्रूक म्हणाली, आणि दातखीळ हा शब्द मी कुणाचा ऐकून घेत नाही. म्हणून शनिवारी सकाळी, डॅड तोंडात टोस्ट कोंबत असताना, मी विचारून टाकलं.

ममनं मान वर केली नाही. ती टिआनाचे केस विंचरत होती. "माझी लाडकी? जी भांडी घासेल ती."

डॅड खो खो हसला. मी नाही हसले. ममनं माझे केस शेवटचे कधी विंचरले होते ते मला आठवेना. आता मीच तिला हात लावू देत नाही, ते खरं. पण म्हणून काय दुसरीचे विंचरायचे?

टिआना म्हणजे ममच्या धाकट्या बहिणीची, लियनची मुलगी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. लियन मोठ्या आजारपणात शहराच्या दवाखान्यात पडून आहे. टिआना तिकडे एकटीच राहतेय हे सरकारच्या बालकल्याण खात्याला कळलं, आणि खातं म्हटलं की आमच्याकडे आधी पोरांना घरात ओढतात. आम्हा इथल्या आदिवासींची पोरं सरकारनं उचलून नेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. मम त्याच दिवशी गाडी काढून गेली आणि टिआनाला घेऊन आली. तेव्हापासून ती बैठकीच्या खोलीत गादीवर झोपते, ममला मम म्हणते, आणि माझा जीव जळतो.

केसांचं मी सोसलंही असतं. पण पॉपचं काय? माझे आजोबा, पॉप, इमूची अंडी कोरतात. अंडं वरून काळपट हिरवं असतं. हलक्या हातानं खरवडलं की निळसर, मग राखाडी, आणि शेवटी पांढरं लागतं. एक थर जास्त गेला की भोक. ते सुरीला कुणाला हात लावू देत नाहीत. मला म्हणाले होते, पंधरावं लागू दे, मग शिकवतो. मला पंधरावं लागलं, पण नेटबॉल होतं, वक्तृत्व होतं. पॉप थांबतीलच की, असं मी धरून चालले होते. टिआना आली आणि एका संध्याकाळी बघते तर माझ्या जागेवर ती, हातात अंडं, आणि पॉप म्हणतायत, "हिचा हात कसा लोण्यासारखा चालतो बघ."

लोण्यासारखा! माझ्या हाताला ते कायम कुदळ म्हणतात.

तर त्या शनिवारी नदीकाठी बैठक होती. आंटी व्हर्नानं बोलावलेली. आमच्याच लोकांची एक संस्था आहे, तिथं आंटी काम करते. घर अडचणीत आलं की ती धावते आणि पोरं परक्या दारात जाऊ नयेत म्हणून कंबर कसून बसते. तिची बैठक ऑफिसात होतच नाही. निलगिरीच्या जातीच्या मोठ्या गम झाडाखाली शेकोटी, चहा, राखेत भाजलेली डॅम्परची जाड रोटी. सगळे नदीकडे तोंड करून बसतात, म्हणजे कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. आधी खायचं, मग गप्प बसायचं, मग बोलायचं.

खात्याकडून फीबी नावाची ताई आली होती. पांढरेशुभ्र बूट घालून. थोडा वेळ झाल्यावर तिनं विचारलं, "आपण सुरुवात करू या का?"

"झाली की," आंटी म्हणाली. "चहा घेतलास ना? बस निवांत. नदी काय पळून जात नाही."

"मागच्या दुष्काळात गेली होती," पॉप म्हणाले.

फीबी हसली आणि बूट काढून बसली. तेव्हा मला ती जरा आवडली. पण तिला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलंच. लियन बरी होईपर्यंत टिआनाला कुठं ठेवायचं ते आज ठरवायचं होतं. समुद्राकाठच्या शहरात एक कुटुंब तयार होतं. भली माणसं होती, टिआनाला स्वतःची खोली मिळणार होती. "इथं ती गादीवर झोपते. आठवडाभर ठीक आहे, कायमचं नाही चालणार."

"पलंग आणून ठेवलाय मी," डॅड म्हणाला. "शेडमध्ये आहे." आणि त्यानं नदीकडे बघता बघता माझ्याकडेही बघितलं.

माझा मोठा भाऊ खाणीत कामाला गेला तेव्हा त्याची खोली मला मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली. पलंग आला त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावून बसले होते.

"खोली डेनिकाची आहे," मम म्हणाली. "मी तिच्यावर लादणार नाही."

शेजारी पॉप टिआनाचं मनगट धरून तिला सुरी कशी वळवायची ते दाखवत होते. इतक्या प्रेमानं, की माझ्या कानशिलात घणघणायला लागलं. फीबीनं मला मऊ आवाजात विचारलं, "तुला काय वाटतं, डेनिका?"

आणि मी हॉलमध्ये बोलतात तशी, खणखणीत बोलले. "ती माझी मावसबहीण आहे. पाहुणी. माझ्या खोलीत तिचं काय काम?"

पॉपची सुरी थांबली.

आमच्यात आईची बहीण ही आईच असते. तिची पोरं ती आपली भावंडं, सख्खी. मावसबहीण वगैरे शाळेत ठीक आहे, बाहेरच्यांना समजवायला. पण नदीकाठी, थोरामोठ्यांसमोर, खात्याच्या बाईला? मी टिआनाला सगळ्यांदेखत घराबाहेर काढलं होतं. आणि फीबीनं मान हलवली, म्हणजे तिला ते पटलं होतं.

मला कुणी काही बोललं नाही. बोलणारही नव्हतं. आमच्याकडे एखाद्याला झापायचं असलं की शेजारच्याशी बोलतात. आंटी व्हर्ना फीबीकडे वळली.

"तुला सांगते पोरी, पाहुणी आली तर माणूस चार दिवस गोड हसतं आणि निरोप देतं. एवढा जळफळाट फक्त बहिणीचा होतो. ही रॉझ बसलीय ना, डेनिकाची मम? लियनला नवे बूट आणले म्हणून हिनं ते इथूनच नदीत भिरकावले होते."

"आंटी!" मम ओरडली.

"एक सापडला," पॉप म्हणाले. "दुसऱ्यात अजून खेकडे राहत असतील."

सगळे हसले. ममही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला की मी पटकन पाण्याकडे बघायला लागले. ते बूट फेकणारीच रोज सकाळी लियनच्या मुलीचे केस विंचरत होती.

टिआना उठून माझ्याजवळ आली. अंडं माझ्या मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "घे. पॉप म्हणाले होते की आधी तुला शिकवायचं होतं. मी जाते तिकडं. चालेल मला."

मी अंडं फिरवून बघितलं. मासा कोरला होता तिनं. निदान तसं तिला वाटत असावं.

"हा मासा आहे? हा तर बटाटा आहे!"

"बटाटा?" टिआनाचे डोळे एकदम पेटले. आमच्या घरी आल्यापासून ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती. नुसती पाहुणीसारखी गोड वागायची. "एवढं असेल तर तू काढून दाखव ना! कुदळ हाताची!"

कुदळ! म्हणजे पॉपनी हिला तेही सांगितलं होतं! मी एवढी भडकले, एवढी भडकले, की त्या भरातच उभी राहिले.

"मम, डॅड, मी ठरवलंय. पलंग आजच शेडमधून काढायचा. टिआना माझ्या खोलीत झोपेल, खिडकीकडं, कारण दाराकडची जागा माझी आहे आणि ती मी मेले तरी देणार नाही. पॉपकडं शनिवारी मी बसणार, ती रविवारी. माझे केसही विंचरायचे, रोज नाही, पण मी म्हणेन तेव्हा. आणि आजपासून ही बहीण आहे ना घरातली? मग भांड्यांची अर्धी पाळी हिची."