दोराला बांधलेला राखणदार

आमच्या जपानी युद्धनौकेला नाव नव्हतं, नुसता नंबर. तीनशे अकरा. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात गोदीवाल्यांनी घाईघाईत पत्रे जोडले आणि दिली पाण्यात ढकलून. धुराडं गोल करायलाही सवड नव्हती, म्हणून ते कोनाकोनांचं.

काम एकच. मालवाहू जहाजांना अमेरिकन पाणबुड्यांपासून वाचवायचं. पहिल्या खेपेला तीन जहाजं घेऊन निघालो, एक घेऊन पोचलो. दुसऱ्या खेपेला दोन घेऊन निघालो, आम्ही एकटेच पोचलो. तिसऱ्या खेपेला वरच्यांनी एकच दिलं. शहाणी माणसं.

"हे एक तरी पोचवायचंच," आमचे कप्तान होझुमी म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

ते एक म्हणजे सेइगेत्सु मारू. तैवानातल्या कीलुंगहून जपानातल्या मोजी बंदराला साखर नेणारं म्हातारं धूड. त्याचे कप्तान कुरामोची त्याच्याहून म्हातारे. गंमत अशी, की होझुमीसाहेब युद्धाआधी व्यापारी जहाजांवर होते आणि त्यांची पहिली नोकरी याच कुरामोचींच्या हाताखाली झालेली. आता हुद्दा आमच्या साहेबांचा मोठा. पण हे म्हाताऱ्याला सांगणार कोण?

याकुशिमा बेट दिसायला लागलं आणि आमचं इंजिन मेलं. मी इंजिनवाला, त्यामुळे सगळे असे बघायला लागले जणू मीच त्याचा गळा दाबला.

"निशिवाकी, किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, याला आता डॉक्टर नको. भिक्षू बोलवा."

नियम साधा होता. बंद पडलेल्याला सोडून बाकीच्यांनी पुढे जायचं. साहेबांनी कर्णा उचलला. "सेइगेत्सु मारू, थांबू नका! हा हुकूम आहे!"

म्हाताऱ्यानं जहाज वळवलं आणि सरळ आमच्याकडे आणलं.

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल!"

"पुढे जा म्हणतोय, साहेब!"

'साहेब' तोंडून निसटलं. अख्ख्या डेकनं ऐकलं.

"दोर टाकतोय, पोरा. गाठ मारता येते ना अजून?"

"पाणबुडी मारेल तुम्हाला!"

"मारेल तेव्हा मारेल. तू आधी गाठ मार."

झालं. ज्याला राखायचं, तोच आम्हाला ओढत निघाला. "बैल बसलाय गाडीत आणि गाडीवान जुंपलाय," आमचा मुकादम उबुकाता म्हणाला. हसून हसून पोटं दुखली. साहेब सोडून सगळ्यांची.

मग मागच्या टेहळ्यानं ओरडून सांगितलं, पाण्यातून दुर्बिणीची नळी वर आलीय. अगदी जवळ. हसणं जागच्या जागी थांबलं.

पाणबुडीवर टाकायची बॉम्बची पिंपं आमच्याकडे भरपूर होती. पण ती टाकून भरधाव पळायचं असतं, नाहीतर आपलंच बूड उडतं. आम्ही चाललो होतो कासवासारखे. टाकावीत तर आम्ही गेलो. न टाकावीत तर साखर गेली, म्हातारा गेला.

"दोर तोडा," साहेब म्हणाले.

"साहेब, मग आपण..."

"तोडा! आणि सगळे पुढच्या टोकाला पळा."

कुऱ्हाड बसली. तिकडून म्हातारा अशा शिव्या घालत होता, की मला काही नव्यानंच कळल्या. जहाज मोकळं होऊन पुढे सुटलं. पिंपं ढकलायला उबुकाता मागे गेला. "माझी आंघोळ राहिलीच होती," म्हणाला.

समुद्र उठला. आमचा मागचा भाग त्याच्याबरोबर गेला. उबुकाताही.

ती नळी परत दिसली नाही. पाणबुडी मेली की पळाली, देव जाणे. उभ्या कारकिर्दीत आम्ही नक्की बुडवलेली युद्धनौका एकच, आणि तीही आमचीच.

म्हातारा परत आला, होड्या सोडल्या, आम्हाला उचललं. साहेब मात्र तिरक्या डेकवर कठडा धरून उभे. नौदलातला कप्तान जहाजाबरोबर जातो. तशी रीतच होती. आम्ही होडीतून हाका मारत होतो, ते बघतही नव्हते.

मग वरून म्हाताऱ्याचा कर्णा वाजला.

"होझुमी! माझा मदतनीस तापानं पडलाय. मोजीपर्यंत सुकाणू कोण धरणार, तुझा बाप?"

साहेब हलले नाहीत.

"जहाज पोचवायचंय ना तुला? मग ते अजून पोचलेलं नाही, गाढवा!"

साहेबांनी कठडा सोडला आणि पाण्यात उडी मारली.

मोजी येईपर्यंत ते ओल्या गणवेशात सुकाणूपाशी उभे होते. मागे स्टुलावर बसून म्हातारा चुका काढत होता.

"डावीकडे घे. अजून. हां, आता सरळ."