आबांच्या वहीचं कुलूप

गिरधर मला फसवेल असं कोणी म्हटलं असतं, तर मी म्हणणाऱ्याशीच भांडले असते. इतकी मूर्ख होते मी. कॉलेजात आम्ही एकाच कॉम्प्युटरवर पाळी लावून शिकलो आणि ९५ साली भागीदारीत धंदा काढला. तो धुळ्याला, मी जळगावला. मजकूर परक्याला वाचता येऊ नये म्हणून त्यावर कुलूप घालणारा प्रोग्राम त्याचा. बाकी सगळं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसण्यासकट, माझं.

पहिलं गिऱ्हाईक चोपड्याचे देवचंद आबा, कपाशीचं बियाणं करणारे. बारा वर्षं खपून त्यांनी एक संकर काढला होता. संध्याकाळी कमलबाईची टोळी मादीच्या वावरात कळ्या सोलून त्यांतले पुंकेसर काढून टाकायची, सकाळी लिलाबाईची टोळी दोन कोसांवरच्या वावरातून नराची फुलं टोपल्यांत आणायची. एका टोळीला दुसरीच्या ओळी ठाऊक नसत. कोणत्या ओळीवर कोणतं फूल घासायचं, हे एकट्या आबांना. साठी उलटल्यावर त्यांना विसरायची भीती वाटू लागली, म्हणून ती जोडी, दोन्ही बियाणी मुळात कुठून आणली त्यासकट, मी त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या वहीत घातली. वर गिरधरचं कुलूप.

"आते माले काय फिकीर शे?" आबा म्हणाले होते.

आबांच्या कापसाच्या धाग्याची तपासणी धुळ्याला व्हायची; तिचे आकडे दर महिन्याला गिरधरच्या ऑफिसातून फ्लॉपीवर यायचे. आबा आधी वही उघडायचे, मग फ्लॉपी घालायचे. प्रोग्राम आकडे वहीत उतरवून त्याच फ्लॉपीवर पोच लिहायचा, आणि आबा ती एसटीच्या पार्सलने धुळ्याला परत पाठवायचे.

९६ च्या आषाढात मला चूक सापडली. आलेल्या फाइलीत सुरुवातीला पाठवणाऱ्याचं नाव असे आणि त्याच्याही आधी, नावात अक्षरं किती, तो आकडा. गिरधरचा प्रोग्राम तो आकडा डोळे मिटून खरा मानायचा. चिठ्ठीवर शंभर पोती लिहिलीत म्हणून दाळ मिलच्या हमालाने आपल्या ट्रकातली वीस संपल्यावर शेजारच्या ट्रकातली उतरवावीत, तसला प्रकार. नाव बारा अक्षरांचं आणि आकडा दोन हजारांचा दिला, की उरलेली अक्षरं तो मेमरीत शेजारी जे पडलं असेल त्यातून उचलायचा आणि पोचेवर लिहून मोकळा व्हायचा. शेजारी काय पडलेलं असे? आबांनी नुकतीच उघडलेली वही!

त्याच दिवशी गिरधरला चार पानी पत्र लिहिलं. कुठला आकडा बदलला की काय बाहेर पडतं, सगळं पायरीपायरीने. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"बरं झालं तुला सापडलं. पण आबांना सांगू नको. म्हातारा घाबरेल, आपलं नाव जाईल. मी दुरुस्त करतो."

मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. तीन महिन्यांनी त्याने नवी फ्लॉपी पाठवली. मीच चोपड्याला जाऊन ती आबांच्या कॉम्प्युटरवर चढवली, त्यांच्याकडे शेवभाजी खाल्ली आणि घरी आले. तपासून पाहिली नाही. मित्राचं काम काय तपासायचं!

९८ साली आबांबरोबर जळगावच्या कृषी प्रदर्शनात गेले होते. धुळ्याच्या एका नव्या कंपनीच्या मांडवात आबा थबकले. टेबलावरचं बोंड त्यांनी उचललं, अंगठ्याने फोडलं, सरकी दाताखाली धरली.

"हाई मन्हं शे," ते म्हणाले. आपलं बियाणं त्यांनी ओळखलं होतं.

मांडवात बसलेल्या मालकाला मी ओळखलं. तो भटू, गिरधरचा मेहुणा. आबांना काही न बोलता घरी आले, मी चढवलेली ती फ्लॉपी काढली आणि खोटा आकडा घालून चालवली. सगळं पूर्वीसारखंच बाहेर सांडलं. गिरधरने पहिल्या पडद्यावरची तारीख तेवढी बदलली होती.

सकाळच्या गाडीने धुळं गाठलं.

"तुला चूक आधीपासून माहीत होती?" मी विचारलं.

"छे गं." तो बशीत चहा ओतत होता. "मला कुठली सापडायला? तुझं पत्र आलं तेव्हा कळलं. काय सुरेख लिहिलं होतंस! मला डोकं चालवावंच लागलं नाही."

ती बशी त्याच्या तोंडावर मारावी असं वाटलं. मारली नाही, याचा आजही राग येतो. तिथून थेट चोपडा.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. गिरधर, भटू, माझं पत्र, काही झाकलं नाही. ते गिरधरला शिव्या घालतील, आपणही घालू, मग थोडं हलकं वाटेल, अशी माझी समजूत.

"तुले कवय मालूम पडनं?" त्यांनी विचारलं.

"शहाण्णवच्या आषाढात."

"माले काबर नही सांगं?"

गिरधर दुरुस्त करणार होता, तुम्ही घाबराल असं वाटलं, असं काहीतरी मी बोलत राहिले. आबांनी ते संपू दिलं.

"दार उघडं देखीसन तू चोरले सांगं," ते म्हणाले. "घरना मालकले नही."