भैयाजीची मागची सीट

भैयाजी आपल्या बायकोले सेलूच्या पेट्रोल पंपावर विसरून आला, हे आमच्या आळीत साऱ्यायले माहीत आहे. पण कसा विसरला, ते जो तो आपल्या मनानं सांगते. खरं असं झालं.

कापूस घरात यायचे दिवस होते. भैयाजी अन् सीताबाई नागपूरचं लग्न आटपून मोटरसायकलनं वर्ध्याले येऊन राह्यले होते. सेलूले पेट्रोल भराले थांबले. सीताबाई खाली उतरली. तिची पिशवी हँडललेच लटकलेली, मोबाईल पिशवीत. पेट्रोल भरून झालं, तेवढ्यात मागून एक मिशीवाला आपली गाडी तिरपी घालून पुढे काढाले लागला.

आता भैयाजीचं एक तत्त्व होतं. तीस वर्षं त्यानं सरकारी ऑफिसात कारकुनी केली, तिथं तो कोनाच्या पुढे गेला नाई. पण रस्त्यावर त्यानं कोनाले पुढे जाऊ देलं नाई. त्यानं किक मारली, मिशीवाल्याले डाव्या बाजूनं कट मारला, अन् वर्ध्याच्या रस्त्याले लागला. सीताबाई पंपावर उभीच.

लोक म्हणतात, मागं वजन नाई हे समजलं कसं नाई? त्याचं असं आहे, का गाडीवर भैयाजी बोलते अन् सीताबाई ऐकते. फक्त ब्रेकर आला का तो म्हणते, "धर वो." ती म्हणते, "धरलं." त्या दिवशी पवनारपर्यंत सात ब्रेकर आले. सातही वेळा हा म्हणाला, "धर वो." मागून आवाज नाई. भैयाजीले वाटलं, रुसली. लग्नात त्यानं शोभाबाईच्या, म्हणजे सीताबाईच्या भावजयीच्या, साडीची चार लोकांत तारीफ केली होती. रुसन तं रुसू दे, म्हणे, हवा लागली का राग उतरते.

रस्त्यात तीनदा फोन वाजला. नंबर वळखीचा नाई. भैयाजीनं तीनही वेळा चालत्या गाडीवर फोन काढला, कापला, अन् मान जराशी तिरपी करून बोलला, "पाह्य, हे क्रेडिट कार्डवाले. मानसाले घरी बी जाऊ देत नाईत."

तो फोन सीताबाई पंपावरल्या मानसाच्या मोबाईलवरून करून राह्यली होती.

घरी आला, गाडी लावली, कुलूप काढलं अन् म्हणाला, "चाय मांड." मग मागं पाह्यलं.

आल्या पावली तो सेलूले गेला. अर्धा रस्ता राँग साईडनं, कारण घाई होती. पण पंपावर सीताबाई नव्हती. तिनं काळीपिवळी पकडली होती अन् सिंदीले भावाच्या घरी जाऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या हातून निरोप आला. पोरगी मेघा सेवाग्रामले नर्स आहे, तिथंच राहते, ड्यूटी सुटल्यावर आली.

"बाबा, आई म्हणते, सिंदीपर्यंत कायद्यानं गाडी चालवत या. डोक्यावर हेल्मेट, डावी बाजू, वळताना इंडिकेटर. अन् एकाही गाडीले ओव्हरटेक नाई. मग बोलते म्हणे."

"कायद्यानं? मी का परदेशातून आलो?"

"मी का सांगू? तुमचं तुमी पाहा."

"अन् नाई गेलो तं?"

"तं मामाच्या वावरातले वांगे भारी निघाले म्हणे यंदा. आई खुश आहे."

भैयाजी हट्टाले पेटला. नाई गेला. एक आठवडा झाला, दोन झाले. घरात दोन मानसं होती तेव्हा तो पेपर जोरानं वाचे, आता मनात वाचाले लागला. सकाळी चाय मांडे, दोन कप पाणी टाके, मग एक कप बेसिनमध्ये ओते. सीताबाईचा टॉवेल दोरीवर वाळून कडक झाला होता. त्यानं तो काढला नाई, फक्त उन्हाच्या बाजूनं पलटवून ठेवला.

पण खरा घोळ गाडीवर झाला. मागं वजन नसलं का गाडी टनाटन उडे. हाताले सवय होती त्या दोघांच्या वजनाची. ब्रेक लावला का गाडी लवकर थांबे, वळण घेतलं का जास्त वळे. भैयाजीनं मग एक डोकं लावलं. गव्हाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं. आता गाडी जागेवर आली. भाजीले गेला, पोतं मागं. पेन्शनच्या कामाले गेला, पोतं मागं.

बाजूची शकुंतलाबाई एक दिवस फाटकावर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, हे गहू रोज कुठी फिराले नेता जी?"

"चक्कीवर."

"पंधरा दिवस झाले, दळून नाई झाले?"

भैयाजीनं पोत्याची दोरी कसली. पण त्याच दिवशी, बाजारच्या रस्त्यावर, ब्रेकरच्या आधी त्याच्या तोंडातून निघालं, "धर वो." बाजूच्या सायकलवाल्यानं त्याच्याकडे पाह्यलं, मग पोत्याकडे पाह्यलं, अन् आपली सायकल जराशी दूर घेतली.

घरी येऊन भैयाजीनं पोतं सोडलं. मेघाले फोन लावला. "तुह्यं हेल्मेट दे."

मेघाचं हेल्मेट गुलाबी, त्याच्यावर फुलपाखरू. भैयाजीच्या डोक्यात ते असं बसलं का गाल पुढे आले अन् कान आत गेले. बाविसाव्या दिवशी सकाळी दहाले तो निघाला, डाव्या बाजूनं, तीसच्या स्पीडनं.

पहिल्याच चौकात सिग्नल लाल झाला. भैयाजी थांबला. जिंदगीत पहिल्यांदा तो पांढऱ्या पट्ट्याच्या मागं थांबला होता. मागून हॉर्न सुरू झाले. मोकळा चौक समोर, अन् हा मानूस उभा! लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. दोन भले पोट्टे गाडीवरून उतरले.

"काका, बंद पडली का?"

"नाई रे, लाल आहे."

"हो हो, तुमी बसून राहा. न्यूट्रल करा."

"अबे लाल आहे!"

पण हेल्मेटातून आवाज बाहेर येईन तवा ना. त्या दोघायनं मोठ्या प्रेमानं गाडीले धक्का मारला अन् भैयाजीले लाल सिग्नलमधून पलीकडे नेऊन सोडलं. "चालू करून पाहा आता," म्हणाले, अन् हात दाखवून निघून गेले.

भैयाजी गाडी लोटत वापस आला, पांढऱ्या पट्ट्याच्या मागं उभा राह्यला, अन् हिरवा झाल्यावर निघाला. तेव्हापर्यंत अख्खा चौक पाहून राह्यला होता.

शहराबाहेर निघाल्यावर वेगळीच पंचाईत. कोनी वळखेच ना. हा रस्ता त्याच्या तीस वर्षांच्या वळखीचा, दर दोन किलोमीटरवर "जय भीम भैयाजी" व्हायचं, मधातच गाड्या थांबून पाच मिनिटं गप्पा व्हायच्या, मागच्या गाड्या बाजूनं जायच्या. आज वळखीचेच लोक गुलाबी हेल्मेटाकडे पाहून हसत निघून जात होते. कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर त्याच्या पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाह्यलं, का हा मानूस जिवंत आहे का. ट्रॉलीतला कापूस उडून हेल्मेटाच्या काचेवर चिकटला. भैयाजीचा अंगठा हॉर्नवर गेला अन् वापस आला. त्याले सारखं वाटे, हे सारं आता मागं सांगावं. "पाह्य, ट्रॅक्टरवाला पाह्य कसा चालला." पण सांगाले मागं पोतं बी नव्हतं.

एकट्या मानसाले रस्ता लांब होते. सिंदी त्या दिवशी भल्ली दूर गेली होती.

दुपारी तो साळ्याच्या अंगणात पोचला. शोभाबाईनं दार उघडलं अन् हेल्मेट पाहून पदर तोंडाले लावला. "या भाऊजी. वन्सं मागं तुरीच्या शेंगा सोलून राह्यल्या."

सीताबाई खाटेवर बसली होती. तिनं वर पाह्यलं, हेल्मेटावरचं फुलपाखरू पाह्यलं, अन् परत शेंगांकडे पाह्यलं.

"किती गाड्यायले ओव्हरटेक केलं?"

"एकाही नाई."

"माह्या डोक्यावर हात ठेवा."

भैयाजी चुळबुळला. "एका म्हशीले केलं. पण म्हैस उभी होती."

शोभाबाई आत पळाली. तिचं हसू आतून ऐकू आलं. सीताबाईच्या ओठाचा एक कोपरा हालला, पण तेवढाच.

"सिग्नलवर थांबलो," भैयाजी म्हणाला. "दोनदा थांबलो. इंडिकेटर देलं. आता चाल ना वो घरी."

सीताबाईनं शेंगा बाजूले ठेवल्या.

"मले का सरकारनं वसुलीले पाठवलं का तुमच्या इंडिकेटरच्या? कायदा तं कोनी बी शिकते. मी पंपावर उभी होती. तुमी गेले, तवा वाटलं, ते पानटपरीपासून वापस येतीन. मग वाटलं, मोडापासून येतीन. पंपावरला मानूस मले खुर्ची देऊन राह्यला होता, अन् मी म्हणून राह्यली, नाई, ते आलेच. पवनारपर्यंत मानूस बोलत जाते, अन् मागं कोनी आहे का नाई हे त्याले पाहावं वाटत नाई?"

"मले वाटलं तू रुसली."

"रुसली तं पाहायचं नाई का?"

 तुरीच्या शेंगेतली अळी परातीच्या काठावरून चालून राह्यली होती. भैयाजी अळीकडेच पाहत बसला.

"तुमच्या मागं मी नाई बसत," सीताबाई म्हणाली. "घरी येतो मी. मेघाची ड्यूटी असते, तिले डबा धाडावा लागते. पण बसनं येतो."

तीनच्या एसटीत ती चढली. डाव्या बाजूले खिडकी भेटली, तिथं बसली. एसटी निघाली. भैयाजीनं गाडी सुरू केली अन् एसटीच्या मागं लावली.

हाच मानूस, ज्यानं आयुष्यात एसटीचा मागचा नंबर कधी पुरा वाचला नाई. प्रवासी उतरत असले तरी दाराच्या बाजूनं गाडी घालणारा. आज एसटी थांबली का थांबे, निघाली का निघे. काळा धूर हेल्मेटात जमा होऊन राह्यला होता. खिडकीतून त्याले फक्त सीताबाईचं कोपर दिसे, अन् त्याच्यावरच्या हिरव्या बांगड्या. रस्ता खराब आला का कोपर आत जाई. मग भैयाजी मान लांब करून पाहे, अन् कोपर बाहेर आलं का तो गिअर बदले.

मागं गाड्या साचल्या. एक कारवाला बाजूले येऊन ओरडला, "ओ फुलपाखरू! जा ना पुढे, जागा पडली आहे!"

भैयाजीनं हात हालवून त्याले जाऊ देलं.

सेलूच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली. भैयाजीनं गाडी उभी केली, हेल्मेट काढलं अन् खिडकीखाली येऊन उभा राह्यला. केस घामानं चिकटलेले, तोंड धुरानं काळं, फक्त हेल्मेटाच्या गाद्यायच्या जागी गाल साफ.

"अजी, तुमी सरळ घरी जा ना," सीताबाई खिडकीतून म्हणाली. "तासभर आधी पोचान. मागं मागं काऊन येऊन राह्यले?"

"तू आहे का नाई, ते पाहून राह्यलो."

 कंडक्टरनं घंटी मारली. भैयाजी पळत गाडीकडे गेला, किक मारली, पहिल्यांदा बसली नाई, दुसऱ्यांदा बसली. वर पाह्यलं तं खिडकीत कोपर नव्हतं.  एसटी स्टँडच्या बाहेर निघाली, वळली, तसा तो मागं धावला.

मागच्या काचेत सीताबाई होती. एवढी चांगली खिडकी सोडून ती साऱ्यात शेवटच्या बाकावर, जिथं मानूस प्रत्येक खड्ड्यात वीतभर उडते, तिथं उलटी वळून बसली होती. एका हातानं दांडा धरलेला, अन् तोंड भैयाजीकडे.

समोरचा रस्ता मोकळा होता. मागून हॉर्न वाजून राह्यले होते. भैयाजी डाव्या बाजूनं, तीसच्या स्पीडनं, एसटीच्या मागंच चालत राह्यला.