मुंड्याने मान वर केली

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोणी हातपायवाला, चकचकीत गडी उभा राहिला असेल, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवा. माझे अंग म्हणजे झाकण हरवलेला प्लॅस्टिकचा डबा. चाके मोडक्या खेळण्याची, मोटरी जुन्या टेपरेकॉर्डरच्या. डोळे मात्र दोन, वाटाण्याएवढे, तेही पोटाखाली! जमिनीवरची काळी पट्टी हुडकायची आणि तिच्यावरून चालायचे, एवढेच माझे काम. म्हणून रंगारीमामा मला पाहून म्हणाले, "खाली मुंडी, पाताळ धुंडी! ह्याचं नाव मुंड्याच ठेवा." तेच नाव पडले.

माझा जन्म घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दर रविवारी तिथे हौशी मंडळी जमत आणि टाकाऊ वस्तूंतून रोबो बनवत. दुकानाचे मालक घड्याळजी आजोबा माझे दाते आणि चाके बसवत. नर्सताई तारा जोडत. त्यांचा हात इंजेक्शन देऊन इतका हलका झालेला, की तारेलाही कळत नसे. रंगारीमामा शेवटी रंग देत आणि सुरुवातीपासून सल्ले देत. खोलीचा एकच नियम होता, तोही आजोबांनी घातलेला. नवीन काही करायचे तर आधी खोक्यात शोधायचे, मग दुकानात. ज्या रोबोचे काम संपे, तो सुटा होऊन त्या खोक्यात जाई. माझाही तुकडा न् तुकडा तिथलाच.

मी माणसांना पायांवरून ओळखत असे. आजोबांची डावी चप्पल फरफटत येई. नर्सताईंचे बूट नेहमी घाईत. मामांच्या चपलेवर ठिपकेच ठिपके, पण मला काळे आणि पांढरे एवढेच कळते, त्यामुळे त्यांची सारी रंगीत कमाई माझ्या लेखी करडी. ह्या पायांच्या वर काय असते, ह्याचे मला फार कुतूहल होते. आवाज वरून येत, हसू वरून येई. मग वर काहीतरी मजेदार असणारच!

एकदा आम्ही प्रदर्शनाला गेलो. माझी सगळी तालीम ट्यूबलाइटखाली झाली होती. उन्हाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पट्टी होती खिडकीजवळ. ऊन पोटाखाली शिरले, माझे डोळे दिपले आणि मी घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरू लागलो. लोक हसले. मला रडू आले असते, पण तशी सोय नव्हती. एवढ्यात माझ्यावर सावली पडली. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्यावर धरली होती. मग मी पट्टीवरून पुढे, आणि कमरेत वाकलेले आजोबा टोपी धरून बरोबर. शेवटपर्यंत! आम्हाला पहिले बक्षीस मिळाले.

तिथेच माझे नशीब फुटले. मला खोलीतल्या काचेच्या कपाटात बसवले आणि वर पाटी लावली, 'हात लावू नये'. पाहुणे वाहवा करत, पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त फळी. धूळ साचली, चाके आखडली. एवढे कौतुक होऊनही मला फार एकटे वाटे.

दरम्यान आजोबांची नजर मंदावत गेली. आधी बारीक स्क्रू सापडेनात, मग माणसे ओळखू येईनात. हातात काठी आली. काठीला पायरी कळते, खड्डा कळतो, पण कपाळासमोर काय आहे ते कळत नाही. एका रविवारी स्वतःच्याच दुकानाच्या अर्ध्यावर ओढलेल्या शटरवर त्यांचे कपाळ आपटले. पुढच्या रविवारी ते आले, ते किल्ली द्यायला.

"सांभाळा तुम्हीच आता. माझं येणं झालं," ते म्हणाले.

"झालं कसं?" नर्सताई म्हणाल्या. "टोपीला डोळे लावू. समोर काही आलं की टोपी गुरगुरेल. जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर आहे खोक्यात."

"आणि डोळे?" मामांनी खोके उपसले. डोळे नव्हते. सगळे कपाटाकडे वळले असावेत. "छे! बक्षिसाचा रोबो फोडायचा? नवीन आणू," मामा म्हणाले.

"आधी खोकं, मग दुकान. आणि ह्याला ठेवून काय लोणचं घालायचंय?" आजोबा म्हणाले, पण कपाटाचे दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

मी घाबरलो. तरी खरे सांगतो, भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. नर्सताईंनी माझे डोळे सोडवून टोपीवर बसवले, आणि माझे बाकीचे तुकडे खोक्यात गेले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. रस्त्यावर पाऊल टाकताच टोपी गुरगुरू लागली, ती थांबेचना. समोर तर कोणीच नव्हते! आजोबा खो खो हसले. "अरे, ऊन! पुन्हा उन्हालाच विसरलो!" मग नर्सताईंनी मला टोपीच्या पुढच्या छज्ज्याखाली, सावलीत बसवले. दुकानाशी येताच मला शटर दिसले. मी गुरगुरलो. आजोबा थांबले, हाताने शटर चाचपले, वाकले आणि आत शिरले. किल्ली पुन्हा त्यांच्याच खिशात गेली.

आता मी चेहरे पाहतो. नर्सताईंच्या गालावर खळी आहे. मामांच्या तर मिशीवरही ठिपके आहेत! म्हणून मित्रांनो, एक विनंती. आवडती वस्तू कपाटात कोंडू नका. तिला वापरा, उघडा, आणि दमली की तिचे तुकडे कुणाच्या तरी कामी लावा.

एकच चेहरा दिसायचा राहिला होता. ज्याच्या कपाळावर बसतो, तो कसा दिसणार? पण परवा आजोबांनी टोपी काढली आणि घड्याळाच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने माझे डोळे पुसले. मग घड्याळे न्याहाळायच्या सवयीने टोपी अगदी नाकाजवळ धरली. सुरकुत्या, कपाळावरची शटरची खूण, आणि हसू. मी आनंदाने गुरगुरलो.

"गुरगुरतोस काय वेड्या," आजोबा म्हणाले, "मीच आहे."