निम्म्या भागाची मालकीण

इन्कमटॅक्सच्या साहेबाचं बोलावणं आलं तेव्हा दमयंतीला पहिल्यांदा कळलं, की नगरच्या छावणीला कडबा आणि जळाऊ लाकूड पुरवणाऱ्या पेढीत निम्मा भाग तिचा आहे.

तिचा नवरा शामकांत लढाई सुरू झाली त्याच साली गेला. तेव्हापासून थोरले दीर विष्णुपंत दर साली एका कागदावर तिची सही घेत आणि ती पदराला हात पुसून सही करी. कशावर, हे विचारायची त्या घरात रीत नव्हती. लढाईनं छावणी फुगली, तसा विष्णुपंतांचा नफाही फुगला. सगळा नफा एकाच्या नावावर दिसला की कर जबर बसतो, दोघांत वाटलेला दिसला की हलका होतो. म्हणून मेलेल्या भावाच्या जागी त्यांनी त्याची बायको घातली होती. घरात ती पाणी शेंदे, धुणी धुई आणि उरेल ते खाई.

साहेबासमोर काय बोलायचं ते शिकवायला नरसिंहराव वकील दुपारचे ओसरीवर येऊ लागले.

"तुमचा भाग किती?"

"आठ आणे."

"नफा मिळतो?"

"भाऊजी देतात. मागेन तेव्हा."

"त्या पैशांचं काय केलंत?"

इथं गाडं अडलं. नफा तिच्या नावावर दाखवला होता, पण तो गेला कुठं हे वह्यांत नव्हतं. दागिने लिहावेत तर साहेब दाखवा म्हणेल. जमीन लिहावी तर खरेदीखत मागेल.

"आजारपण लिहा," वकील म्हणाले. "त्याचं मागं काही शिल्लक राहत नाही. घरात कुणी आजारी होतं का?"

विष्णुपंत पान जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हिची विजया होती की. गेल्या भादव्यात विषमज्वरानं गेली."

"उत्तम," वकील म्हणाले.

दमयंती दाराशी उभी होती. विजया नऊ वर्षांची होती. पुण्याला हलवा, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दमयंतीनं दिरांचे पाय धरले, तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीच्या जातीला एवढं करायचं नसतं. जगायची असेल तर इथंही जगेल." मागच्या पडवीत पोर तापात बरळत राहिली आणि एका सकाळी गप्प झाली. आता वकील तिच्याच इलाजाचा खर्च लिहवून घेत होते. पुण्याचा दवाखाना, मोटारभाडं, इंजेक्शनं.

"डॉक्टर मोठा लिहा," विष्णुपंत म्हणाले. "आकडा भरायला हवा."

"मी हे बोलणार नाही," दमयंती म्हणाली.

"नको बोलूस. मग राहायचं कुठं तेवढं ठरवून ठेव."

ठरल्या दिवशी तिला नवं लुगडं नेसवून कचेरीत नेलं. साहेब तरुण होता, उन्हानं वैतागलेला. शिकवलेली उत्तरं तिनं नीट दिली. मग त्यानं वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "मुलीच्या आजारपणाला एवढा खर्च? काय काय केलंत, सांगा."

पोरीबद्दल मात्र खरं सांगायचं असं ठरवूनच ती आली होती. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. तिनं सांगितलं, मोटारीत विजयाला मांडीवर आडवं केलं होतं. शिरूरला गाडी थांबवून लिंबाचं सरबत पाजलं. दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली, कपाळावर बर्फाची पिशवी होती, उशाशी नर्स होती. मधे एकदा ताप उतरला तेव्हा पोरीनं वरणभात मागितला. ती सांगत गेली आणि तिला ते दिसत गेलं. आपण थांबलो की पोर परत पडवीत जाईल, या भयानं तिला थांबवेना.

"मग बरी झाली?" साहेबानं विचारलं.

"नाही."

साहेबानं वही मिटली. हिशेब दाखवला तसा मान्य झाला.

परतताना टांग्यात विष्णुपंत वकिलांना हसत म्हणाले, "वरणभात तर आपण शिकवलाच नव्हता."

पुढच्या साली कागद समोर आला तेव्हा दमयंतीनं हात मागं घेतला. "मी भागीदार आहे ना, भाऊजी? माझा भाग आधी हातात द्या. मग सही करते."

विष्णुपंत रागावले नाहीत. वकिलांना बोलावून त्यांनी भागीच मोडली. त्याला तिची सही लागत नव्हती, नोटीस पुरली. तिच्या हिश्शाचे बारा हजार रोख चुकते केले असं वहीत लिहिलं, पेपरात तशी जाहिरात दिली, आणि तिला नेवाशाच्या मोटारीत बसवून दिलं.

नेवाशाला तिचा धाकटा भाऊ रंगनाथ शाळामास्तर होता. जाहिरात त्यानं वाचली होती, गावानंही. सुरुवातीला वहिनी तिला आग्रहानं वाढी, रात्री पाय चेपायला बसे. दमयंतीनं घडलं ते सगळं सांगितलं. नवराबायको ऐकून घेत आणि एकमेकांकडे बघत. महिन्याभरात आग्रह सरला.

"अक्का, आम्हांला काही नको," एके दिवशी रंगनाथ म्हणाला. "पण पोरांच्या शिक्षणापुरते तरी काढ. कुठं ठेवलेस?"

"मिळालेच नाहीत रे."

"पेपरात छापून आलेलं खोटं असतं होय?"

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. ती नदीवर धुणं घेऊन गेली की दोघं मिळून तिची गोधडी उसवून बघत आणि पुन्हा शिवून ठेवत. टाके वहिनीचे असत, ते तिला ओळखू येत. ती तीच गोधडी पांघरून निजे.