सातव्या मजल्यावरचा फोन

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडेही. दर शुक्रवारी तिचं व्हिडिओ गेम्सवरचं पान यायचं. त्या पानावर तिने कधी कुणाची भीडभाड ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात तिने चार गेम हातावेगळे केले होते. मोटारींच्या शर्यतीच्या गेमबद्दल लिहिलं, की गाड्या चकचकीत आहेत, पण वळणावर साबणाच्या वडीसारख्या घसरतात आणि खापर मात्र खेळणाऱ्यावर फोडतात. युद्धाचा एक गेम सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. त्याला तिने पाचांपैकी दोन तारे दिले. वीस तास गोळ्या झाडूनही आपण कुणाशी आणि का लढतोय ते कळत नाही, शत्रूलाही ते कळत नसावं, कारण तो आपणहून बंदुकीसमोर येऊन उभा राहतो, असं तिचं म्हणणं. शेतीच्या एका संथ गेमचं मात्र तोंडभरून कौतुक केलं. त्यात पीक यायला वेळ लागायचा आणि तो वेळ कंटाळवाणा व्हायचा नाही.

चौथा गेम बंद पडलेल्या हॉटेलचा होता. रिकाम्या इमारतीत एकेक मजला चढायचा आणि प्रत्येक मजल्यावरचं कोडं सोडवून पुढचं दार उघडायचं. एका बहीण-भावाने, दोघांनीच मिळून तो बनवला होता. सहा मजले ती खुशीत चढली आणि सातव्यावर अडकली. तिथे लांबलचक कॉरिडॉर, टोकाला कुलूपबंद दार आणि भिंतीवर चकती फिरवून नंबर लावायचा जुना फोन. रिसीव्हर उचलला की पडद्याच्या तळाशी एकच शब्द उमटायचा, 'खरखर'. बस्स. तिने तीन दुपारी घालवल्या. गेम नवाकोरा, सातव्याच्या पुढे कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. शेवटी तिने लिहून टाकलं, की या मजल्याचं कोडं सुटत नाही कारण त्याला उत्तरच नाही. बनवणाऱ्यांनी हात टेकले आणि खेळणाऱ्याला वाऱ्यावर सोडून दिलं. एक तारा.

पान छापून आलं. सोमवारी त्या बहिणीचं पत्र आलं. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. फोन नीट ऐकलात का, एवढंच तिने विचारलं होतं.

कात्रीने पत्र बाजूला सारलं. अशी पत्रं तिला नेहमीच येत. पण 'ऐकलात' हा शब्द काही डोक्यातून जाईना. कारण तिने तो फोन ऐकलाच नव्हता. शर्यतीचा आणि युद्धाचा गेम ती कचेरीत हेडफोन लावून खेळली होती. हॉटेलचा मात्र घरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तिच्याकडे राहायला आली होती आणि दुपारी बाहेरच्याच खोलीत झोपायची. आवाज ठेवला तर आईची झोपमोड व्हायची, हेडफोन लावले तर आईची हाक ऐकू यायची नाही. म्हणून तिने आवाज पार बंद ठेवला होता. पडद्यावर अक्षरं येतात की, तेवढी पुरेत, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. आई खुर्चीत बसून पाय वरखाली करण्याचा व्यायाम करत होती. कात्रीने गेम सुरू केला, आवाज मोठा केला आणि सातव्या मजल्यावर जाऊन रिसीव्हर उचलला.

आईचा पाय वरच राहिला. कुणाचा फोन, तिने विचारलं.

"कुणाचा नाही. गेममधला आहे. लाइन खराब आहे, नुसती खरखर येते."

"खराब कुठे आहे? कुणीतरी नंबर फिरवतंय."

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तिने लेकीला समजावून सांगितलं, की त्या जुन्या फोनची चकती फिरवून सोडली की परत येताना टकटक होते. तीनला तीन, सातला सात. दोन आकड्यांमध्ये जरा थांबते. खरखरीच्या मागे तेच चाललंय, तू ऐक तरी.

तिने ऐकलं. तिला खरखरीशिवाय काही वेगळं ऐकू येईना. मग आईने खुर्ची जवळ ओढायला लावली, डोळे मिटले आणि लेकीला आकडे लिहून घ्यायला सांगितले. कात्रीने औषधाच्या पाकिटावर लिहिलं: चार, एक, दहा, सहा.

"दहा कसले? दहा टकटक म्हणजे शून्य," आई म्हणाली. "हे साधं आहे."

चार, एक, शून्य, सहा. कुलूप उघडलं.

कात्रीचे कान तापले. हजारो लोकांनी वाचलेलं पान तिला दिसत होतं, त्यातलं 'उत्तरच नाही' हे वाक्य तर फारच ठळक. आईला या कशाची कल्पना नव्हती. ती पुढच्या मजल्यावर काय आहे ते विचारत होती. दोन दिवसांत दोघी गच्चीपर्यंत पोचल्या आणि गेम खरोखरच उत्तम निघाला.

संपादक म्हणाले, आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती टाकू, कुणी वाचणारही नाही. तिने नकार दिला. चूक माझ्या पानावर छापली होती, कबुलीही माझ्याच पानावर येईल, असं तिने सांगितलं. मग तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांनी विचारलं.

"सर, आत्तापर्यंत ठेवत होते त्यांना कळू दे, की मी चुकले तर मीच सांगते. पुढे त्यांची मर्जी."

पुढच्या शुक्रवारी पान आलं. पहिलंच वाक्य होतं: 'मी हा गेम आवाज बंद ठेवून खेळले आणि दोष गेमला दिला.' एका ताऱ्याचे चार झाले. पाच नाहीत. का नाहीत, तेही तिने सोडलं नाही. तळाशी नुसतं 'खरखर' लिहिणं ही बनवणाऱ्यांची चूक आहे. मी आवाज लावू शकत होते, लावला नाही. ज्याला ऐकूच येत नाही त्याने काय करायचं? त्याच्यासाठी हे दार आजही बंद आहे.

खिल्ली उडवणारी पत्रं ढिगाने आली. कात्री बोथट झाली, असं एकाने लिहिलं. युद्धाच्या गेमच्या कंपनीतून एका गृहस्थाने फोन केला आणि गोड आवाजात सुचवलं, की एक मत बदललंच आहे तर आमच्याबद्दलही फेरविचार व्हावा. तो गेम मी आवाज लावून खेळले होते, असं तिने सांगितलं आणि कामाला लागली.

आईने ते पान दोनदा वाचलं. आपला उल्लेख 'एक निवृत्त ऑपरेटर' असा आहे याचं तिला समाधान होतं. संपादकांनी तिला छोटं सदर लिहायला सुचवलं, तेव्हा तिने एकदा नोकरी केली तेवढी पुरे, असा निरोप पाठवला.

महिन्याभरात बहीण-भावाने गेम सुधारला. आता रिसीव्हर उचलला की पडद्याच्या तळाशी एकेक 'टक' उमटायचा, आणि आकडा संपला की मोकळी जागा. त्यानंतर काही दिवसांनी कात्रीला एका वाचकाचं पत्र आलं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. काल सातवा मजला ओलांडला, त्याने लिहिलं होतं. आता आठव्यावर अडकलोय, पण यात दोष माझाच आहे.

तिने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आठव्यावर नेमका कुठे अडकलाय तो, आईने विचारलं. कपाटांच्या खोलीत, कात्री म्हणाली, आणि उत्तर लिहायला घेतलं.

"त्याला सांगू नकोस," आई म्हणाली. "काढेल तो शोधून."